टेकडीपलीकडे मात्र नको

मेव्हिसनं क्लेम ओल्डरॉइडला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो हवेत होता. नेमका किती उंच होता याबद्दल चाळीस वर्षांत एकमत झालेलं नाही. लग्नाच्या पहिल्या वर्षी मेव्हिस सांगायची, की मैदानाच्या कठड्यावरून जेमतेम वीतभर. मुलगी शाळेत जायला लागली तोवर तो प्रेक्षकांच्या छपरापर्यंत पोचला होता. नातवंडांना जी गोष्ट ऐकायला मिळाली तिच्यात तर तो गिरणीच्या धुराड्याला वळसा घालून, वाटेत दोन कबुतरांची विचारपूस करून मग खाली येतो. येतो तो थेट मेव्हिसच्या मांडीवर. मांडीवर त्या वेळी खिम्याचा गरम पॅटिस आणि त्यावर वाटाण्याचा लगदा होता.

"लागलं का रे?" मेव्हिसनं विचारलं.

"बॉल कुठाय?" क्लेमनं विचारलं.

"माझ्या वाटाण्यात."

त्यानं वाटाण्यासकट तो लंबगोल बॉल काखोटीला मारला आणि कठड्यावरून उडी टाकून परत गेला. त्याचं गाव हेकली सामना हरलं. मेव्हिसचा स्कर्ट गेला तो कायमचाच. पुढच्या शनिवारी हा गडी नवा पॅटिस घेऊन तिच्या दारात उभा राहिला. मेव्हिसच्या वडलांनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं आणि आत हाक मारली, "मेव्हिस, तो आलाय बघ. या खेपेला जमिनीवरून."

तो हवेत कसा गेला याबद्दल मात्र दुमत नाही. त्याला समोरच्या, म्हणजे क्रोथॉर्पच्या संघातल्या नॉरिस मिडगलीनं फेकलं होतं.

हेकली आणि क्रोथॉर्प ही यॉर्कशरमधली लोकरीची दोन गावं. मध्ये एक टेकडी, टेकडीवर मेंढ्या. मेंढ्या दोन्ही अंगांना चरतात, एवढाच काय तो दोन गावांमधला व्यवहार. हेकलीत क्रोथॉर्पचं नाव सहसा घेत नाहीत. 'टेकडीपलीकडे' म्हणतात, आणि म्हणताना चहात माशी सापडल्यासारखं तोंड करतात. तिकडेही हेच म्हणतात आणि तोंडही तसंच करतात, पण हे हेकलीत कुणाला सांगून पटायचं नाही.

क्लेम रग्बी खेळायचा तो घोळक्याच्या मधोमध. दोन्हीकडचे सहा-सहा गडी रेडे भिडावेत तसे डोकी खुपसून एकमेकांना रेटतात, तेव्हा आपले दोन्ही हात दोन सोबत्यांच्या गळ्यात टाकून मध्ये लोंबकळायचं आणि पायानं बॉल मागे ओढायचा, हे त्याचं काम. या कामात कानांचा अगदी फ्लॉवरचा गड्डा होतो. क्लेमचे दोन्ही कान असे फुलले, की आर्नल्ड स्पिंक खाटीक म्हणायचा, "रविवारी याच्या शेजारी भाजलेलं मटण ठेवलं, की वेगळी भाजी करायला नको."

पोटापाण्याचा उद्योग गिरणीच्या रंगखान्यात. हेकलीचा निळा रंग क्लेमइतका सुरेख कुणाला साधत नसे. नखांत, तळव्यांच्या रेघांत तो रंग असा मुरला होता, की लग्नात पाद्रीबाबांनी आधी त्याच्या हाताकडे आणि मग मेव्हिसकडे काळजीनं पाहिलं. पण क्रोथॉर्पचा रंग गडद तांबडा. त्या रंगाचं कापड पिंपात पडायचं असेल त्या दिवशी क्लेमचं पोट हटकून दुखायचं.

"क्लेम, हे पडद्यांचं कापड आहे. नाटकगृहाच्या पडद्यांचं," मुकादम एकदा कळवळून म्हणाला.

"असेल. पण त्या पडद्याआड कुठलं नाटक करतील काय सांगावं."

खेळ थांबला, कान तसेच राहिले, आणि क्लेमला दुसरा नाद लागला. क्लबानं जुनं लाकडी प्रेक्षागार पाडायला काढलं आणि आतल्या वस्तू कचऱ्यात टाकल्या. क्लेमनं हातगाडी काढली. चामडी बूट आले, संघांचे फोटो आले, कुणाच्या तरी पराक्रमी दातांची जोडी आली. रेफरीच्या शिट्ट्या आल्या, त्यांतली एक चावलेली होती. हे सगळं मेव्हिसच्या पुढच्या खोलीत रचलं गेलं. आमच्याकडे पुढची खोली ही वापरायची नसते. ती पुसून, पडदे अर्धे ओढून, पाहुण्यांसाठी आणि घरातल्या मयतासाठी राखून ठेवायची असते. तिथं बूट आले तेव्हा मेव्हिस काही बोलली नाही. मैदानाचं लोखंडी फिरतं फाटक आलं तेव्हा बोलली.

हे फाटक म्हणजे एका वेळी एकच माणूस आत सोडणारं धूड. ते दारातून आत जाईना आणि बाहेरही येईना. तेव्हा ते खोलीच्या दारातच पक्कं झालं आणि पुढच्या खोलीत जायचं तर पोटानं दांडा ढकलून, 'खट्ट' असा आवाज काढून जावं लागायचं. एकदा नवे पाद्रीबाबा प्रार्थनेला आले आणि अर्ध्यात अडकले. क्लेमनं मागून रेटा दिला. घोळक्यातली सवय. पाद्रीबाबा आत पडले ते दातांच्या जोडीशेजारी. मेव्हिसच्या आईला तर त्या फाटकातून जाताच यायचं नाही, पण याबद्दल क्लेमनं कधी फारसं वाईट वाटून घेतलं नाही.

या ढिगातला कोहिनूर म्हणजे एक निळी जर्सी. क्लेमच्या बापाच्या काळात हेकलीनं चषक जिंकला होता, त्या अंतिम सामन्यातली. तिच्यावर त्या दिवसाचा चिखल होता. नाद नवा होता, मेव्हिस कामसू होती, आणि सोमवार होता, म्हणजे कपडे धुण्याचा वार. संध्याकाळी क्लेम घरी आला तर जर्सी दोरीवर स्वच्छ वाळत होती. तो पायरीवर बसून राहिला. मग जर्सी घेऊन मैदानावर गेला आणि अंधार पडायच्या आत चिखलानं माखून परत घेऊन आला.

"हा तोच चिखल नाही," मेव्हिस म्हणाली.

"मैदान तेच आहे. चिखल त्याच घराण्यातला आहे."

अशी तीसेक वर्षं गेली. गिरणी बंद पडली. क्लेम निवृत्त झाला, नखं हळूहळू गोरी झाली. आणि मेव्हिसचा खुबा दुखू लागला. डॉक्टरांनी सांगितलं, शस्त्रक्रिया करू, पण जिने आता बंद. झोपायचं ते खालीच.

खाली म्हणजे पुढच्या खोलीत. दुसरी जागा नव्हती.

मेव्हिस म्हणाली, "तुला काढ म्हणणार नाही मी. पण त्या फाटकातून मी कुबड्या घेऊन कशी जाणार, तेवढं सांग."

क्लेमनं क्षणभरही विचार केला नाही. "काढतो," म्हणाला. पण काढून ठेवायचं कुठं, या विचारानं त्याची झोप उडाली. तीस वर्षं तो रोज सकाळी चहाचा कप घेऊन पोटानं दांडा ढकलायचा आणि 'खट्ट' करून त्या बुटांमध्ये जाऊन उभा राहायचा. त्याला एवढंच हवं होतं, की वस्तू जिथं जातील तिथं चालत जाता यावं.

आणि अगदी त्याच सुमारास खेळाला शंभर वर्षं झाली.

शंभर वर्षांपूर्वी इथल्या गिरण्या-खाणींतल्या पोरांनी रग्बी खेळायला शनिवारची पाळी बुडवली, की बुडालेली मजुरी द्या, असं म्हटलं होतं. खेळ चालवणारे साहेब लोक म्हणाले, खेळ हा आनंदासाठी असतो. ज्यांना तो आनंद परवडत नव्हता ते क्लब उठले, वेगळे झाले आणि त्यांनी स्वतःची लीग काढली. पुढे गडीही पंधराचे तेरा केले. साहेबांची पंधरांची युनियन तिच्या जागी राहिली. ही गोष्ट आमच्याकडे मुलांना झोपताना सांगतात, आणि मुलं संतापून जागीच राहतात. तर या शंभरीनिमित्त एका देणगीदार संस्थेनं लीगचं संग्रहालय काढायचं ठरवलं. जागा निवडायला समिती नेमली. हेकली, क्रोथॉर्प, स्कोल्टन आणि डॅनरॉइड या चार गावांचे दोन-दोन प्रतिनिधी. हेकलीकडून क्लेम आणि स्पिंक खाटीक. क्रोथॉर्पच्या दोघांतला एक नॉरिस मिडगली, आता दोन्ही गुडघे नवे बसवलेला.

"काय क्लेम," पहिल्याच बैठकीत मिडगली म्हणाला, "मेव्हिस बरी आहे ना? मला अजून लग्न जमवल्याबद्दल एक कप चहा मिळालेला नाही."

"चहा मिळेल. कठड्यापलीकडून फेकीन, झेल."

अध्यक्ष म्हणून संस्थेनं मिस फॅरर यांना पाठवलं. साठीच्या, सडसडीत, बोलणं इस्त्री केलेलं. त्या प्रायरवेल्सच्या. प्रायरवेल्स हे औषधी पाण्याच्या झऱ्यांचं, बागांचं, सुट्टीत पाहुणे येतात असं ठेवणीतलं शहर, आणि तिथं रग्बी खेळतात ती युनियनची, साहेबांची. पर्यटक येणारं एक तरी ठिकाण यादीत हवं, अशी संस्थेची अट होती, म्हणून पाचवं नाव प्रायरवेल्स. मिस फॅररनी सुरुवातीलाच कागद सरसावून विचारलं, "एका बाजूला पंधरा खेळाडू असतात, बरोबर?"

स्पिंकनं त्यांच्यापुढे बिस्किटांची बशी सरकवली आणि हळूच म्हणाला, "तेरा, पोरी. पण असू दे, खा तू." स्पिंक सगळ्याच बायकांना पोरी म्हणतो. स्वतःच्या सासूलाही म्हणायचा.

मग जागा पाहायचे दौरे सुरू झाले. डॅनरॉइडनं एक गुत्ता दाखवला आणि इथंच लीगचा विचार जन्मला, असं सांगितलं. स्कोल्टननं प्रार्थनामंदिर दाखवलं आणि विचार इथं जन्मला, डॅनरॉइडला तो फक्त प्यायला गेला होता, असं सांगितलं. क्रोथॉर्पनं खाणकामगारांचं जुनं स्नानगृह दाखवलं. क्लेमनं तिथल्या फरशीला नाव ठेवलं, नळांना ठेवलं, मग ठेवायला काही उरलं नाही म्हणून म्हणाला, "तोंड पश्चिमेकडे आहे."

"मग?" मिडगलीनं विचारलं.

"हेकलीकडे पाठ होते."

हेकलीची जागा म्हणजे सहकारी दुकानाची रिकामी इमारत. ती क्लेमच्याच रस्त्याच्या टोकाला. मेव्हिसच्या खिडकीतून तिचं दार दिसायचं. क्लेमनं स्वतः ती झाडली, खिडक्या धुतल्या आणि गावचा ब्रासबँड आणला. बँडनं असा सूर लावला, की वरचं जुनं प्लास्टर सुटलं आणि थेट मिस फॅररच्या टोपीवर पडलं. त्यांनी टोपी झटकली आणि वहीत काहीतरी लिहिलं. "वाचता आलं का काय लिहिलं ते?" क्लेमनं स्पिंकला विचारलं. स्पिंक म्हणाला, "मी पाहिलं नाही. मी ट्रॉम्बोनवाल्याचा गळा कुठून धरावा ते पाहत होतो."

शेवटी प्रायरवेल्स. काचेच्या छताची, गुलाबांत बुडालेली इमारत. जमिनीखालून उबेच्या नळ्या. कप इतके पातळ, की आतून आपलंच बोट दिसावं. सगळे आठ जण मोजूनमापून केक खात होते आणि एकमेकांकडे पाहून गालांत हसत होते. इथं लीगचं संग्रहालय. कल्पनाच गमतीची होती. त्या दिवशी पहिल्यांदाच चारही गावांचं एकाच गोष्टीवर एकमत झालं. चहा पांचट होता.

मतदानाचा नियम समितीनं स्वतःच केला होता. एकच मत दिलं तर जो तो आपल्याच गावाला देणार आणि निकाल लागायचाच नाही. म्हणून प्रत्येकानं चिठ्ठीवर दोन वेगवेगळी नावं लिहायची. सगळ्यांनी हात वर करून नियम मंजूर केला होता. मिडगलीनं तर दोन्ही हात.

मतदानाच्या दिवशी सकाळी मेव्हिसनं अंडी उकडली आणि विचारलं, "पहिलं नाव कुणाचं ते मला कळतंय. दुसरं कुणाचं देणार?"

क्लेमनं आवाज खाली आणला. घरात दोघंच होती. "तीच तर खुबी आहे. स्कोल्टनला दिलं तर स्कोल्टन पुढे जाईल. डॅनरॉइडचं तेच. आणि टेकडीपलीकडे दिलं तर मला या घरात घेऊ नकोस. म्हणून मी आणि स्पिंकनं ठरवलंय. दुसरं मत प्रायरवेल्सला द्यायचं. तिथं कोण मत देणार आहे? दिल्यासारखं होतं आणि कुणाला मिळतही नाही."

मेव्हिसनं अंड्याचं टरफल सोलता सोलता त्याच्याकडे पाहिलं. "आणि बाकीच्यांनीही असंच ठरवलं तर?"

"बाकीचे?" क्लेम दयेनं हसला. "मेव्हिस, बाकीचे स्कोल्टन-डॅनरॉइडचे आहेत. इतकं डोकं असतं तर तिथं राहिले असते का?"

बैठक प्रायरवेल्सलाच होती. चिठ्ठ्या एका चिनीमातीच्या भांड्यात पडल्या. मिस फॅररनी चष्मा लावला आणि पहिली उघडली.

"क्रोथॉर्प. प्रायरवेल्स."

क्लेमनं मिडगलीकडे पाहिलं. मिडगली छताच्या काचा न्याहाळत होता.

"हेकली. प्रायरवेल्स."

आता मिडगलीनं क्लेमकडे पाहिलं, आणि क्लेमला छत आवडू लागलं.

"डॅनरॉइड. प्रायरवेल्स."

चौथ्या चिठ्ठीला स्पिंकनं केक खाली ठेवला. पाचवीला डॅनरॉइडचे दोघे एकमेकांशी कुजबुजू लागले. सहावीला ते थांबले. सातवी उघडण्याआधी खुद्द मिस फॅररनी चष्मा पुसला. आठवी त्यांनी दोनदा वाचली, एकदा मनात आणि एकदा मोठ्यानं. चार गावांना दोन-दोन मतं. प्रायरवेल्सला आठ.



"मला फार भरून आलंय," मिस फॅरर म्हणाल्या, आणि खरोखरच आलं होतं. "मला वाटलं होतं, तुम्ही सगळे आपापल्या गावापलीकडे पाहणार नाही. आणि तुम्ही प्रत्येकानं, एकूण एकानं, इतकं मोठं मन दाखवलंत."

खरं कारण सांगायचं तर प्रत्येकाला आपण शेजाऱ्याचा पत्ता कापायला निघालो होतो हे कबूल करावं लागलं असतं. आठ जणांनी आठ कप उचलले आणि मोठ्या मनानं पांचट चहा प्यायले.

बाहेर गुलाबांपाशी आठही जण घुटमळले. शेवटी मिडगलीच म्हणाला, "शंभर वर्षांपूर्वी आपण कुणापासून वेगळे झालो होतो रे?"

"यांच्यापासूनच," क्लेम म्हणाला.

"आणि आज सगळं उचलून यांच्याच घरात नेऊन ठेवलं."

"हो."

मिडगलीनं थोडा वेळ गुडघे चोळले. "पण मी काय म्हणतो, हेकलीला तर नाही ना मिळालं."

क्लेमचा चेहरा एकदम उजळला. ही बाजू त्याच्या ध्यानातच आली नव्हती. "आणि तुम्हालाही नाही मिळालं."

"आम्हालाही नाही. आणि स्कोल्टनला तर नाहीच."

"स्कोल्टनला नाही," स्पिंकनं समाधानानं मान डोलावली. डॅनरॉइडवाल्यांनी सगळ्यांना शेजारच्या हॉटेलात नेलं आणि बिअर मागवली. त्या ठेवणीतल्या शहरातल्या ठेवणीतल्या हॉटेलात त्या दुपारी इतका दंगा झाला, की वेटरला वाटलं हे आठ जण काहीतरी जिंकून आलेत. मिडगलीनं मेव्हिसच्या मांडीची गोष्ट सांगितली. त्याच्या गोष्टीत क्लेम धुराड्याच्याही वर जातो आणि खाली यायला नाखूष असतो.

घरी येऊन क्लेमनं मेव्हिसला निकाल सांगितला. ती हसायला लागली. खुब्यावर हात दाबून, खुर्चीचा दांडा धरून हसली, डोळे पुसून पुन्हा हसली. "आठही जण," ती म्हणाली. "एकालाही दुसरी बुद्धी सुचली नाही."

"मन मोठं लागतं त्याला," क्लेम म्हणाला.

मग ती हसायची थांबली आणि म्हणाली, "लांब आहे रे ते. तुला रोज नाही जाता येणार."

"माहितीय."

"खोली आणखी थोडे दिवस राहू दे तशी. मी बसून बसून जिने चढीन."

"मी दोघांना बोलावलंय. दाराची चौकट काढायला," क्लेम म्हणाला. "फाटक त्याशिवाय निघणार नाही."

संग्रहालयाची गाडी आली त्या दिवशी क्लेमनं प्रत्येक वस्तू स्वतःच्या हातांनी बाहेर दिली. बूट दिले, शिट्ट्या दिल्या, दात दिले. जर्सी देताना त्यानं हातमोजे घातलेल्या मुलीला बजावलं, "चिखल झटकायचा नाही. अस्सल आहे." दारात कुबड्यांवर उभी असलेली मेव्हिस रस्त्याच्या टोकाच्या रिकाम्या दुकानाकडे बघत राहिली, पण 'मी तेव्हाच विचारलं होतं' असं म्हणायची जन्मभराची संधी तिनं सोडून दिली. संध्याकाळी पलंग खाली आला. भिंतीवर जिथं फोटो होते तिथं वॉलपेपर नवा राहिला होता, चौकोन चौकोन. मेव्हिसनं त्यांतल्या एकावर कॅलेंडर लावलं. सकाळी क्लेम चहाचे दोन कप घेऊन आत आला. आता ढकलायला काही नव्हतं, त्यामुळे तो जरा वेगानंच आत आला आणि थोडा चहा पांघरुणावर सांडला.

संग्रहालय वसंतात उघडलं. तिथं हेकलीला एक संपूर्ण काचेचं कपाट मिळालं आहे, खिडकीजवळ, उजेडात. हेकलीहून प्रायरवेल्सला थेट बस नाही. क्रोथॉर्पला उतरून बदलावी लागते.